करंटला भिणारा भागवत

भागवत किल्लारीचा. किल्लारी-औसा-लातूर लायनीवर त्याची जीप होती, तेव्हाच्या आठवणी औशाच्या नाक्यावर अजून कुणी कुणी काढतं. त्याच्या जीपमध्ये माणसं कोंबलेली असायची, ते खरंच. पण ज्याला त्याला ज्याची त्याची जागा मिळायची. दम्याचं माणूस खिडकीशी, दिवस गेलेली लेकुरवाळी पुढच्या सीटवर, दारू घेतलेला गडी मागच्या फळीवर आणि त्याच्या शेजारी मुद्दाम कुणी तरी दांडगा. हे बसवताना तो कधी आवाज चढवायचा नाही. “मावशे, जरा सरका,” एवढंच म्हणायचा, आणि मावशी सरकायची.

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या. बाजाराला, दवाखान्याला, सासरी-माहेरी लोक आपापले जायला लागले. लायनीवर जीप उभी राहायची, धूळ खायची. भागवतनं ती एक दिवस विकून टाकली आणि साखर कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर बसला. एक हंगाम कसाबसा काढला. आरतीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, “का सोडलं हो? काम तर बरं होतं.”

“काम बरंच हाय,” भागवत म्हणाला. “पन दिवसभर गाडी हाकायची आन् मागं बोलाया कुनी न्हाई. ऊस काय बोलतो का?”

अशा बोलक्या गाडीवानाला लातूरच्या वर्षाराणीताई भेटल्या, हे त्याचं नशीब. ताईंचा सहली काढायचा धंदा होता. त्यांनी एक जुनी शाळेची बस घेतली, गॅरेजवाल्यांना हाताशी धरून आतल्या सीटा काढल्या आणि तिचं घर करून घेतलं. दोन पलंग, ओटा, शेगडी, छोटा फ्रीज, बारकी मोरी, छतावर सोलरच्या पाट्या. बाहेरून पिवळा रंग तसाच ठेवला आणि वर लिहिलं, ‘चालतं घर’. कुटुंबानं भाड्यानं घ्यायचं, मन मानेल तिथं जायचं, गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं.

भागवतनं गाडी बघितली, एक चक्कर मारली आणि खाली उतरून म्हणाला, “ताई, म्हनाल तिथं नेतो. घाट म्हना, नदी म्हना. पन एक सांगतो. वायरीला मी हात लावनार न्हाई.”

ताईंना वाटलं, गडी गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा बापानं त्याला विहिरीवरची मोटार चालू करायला पाठवलं होतं. रात्री पाऊस होऊन गेलेला, स्टार्टरचा पत्र्याचा डबा ओला, पायात काही नाही. हिरवं बटण दाबलं आणि तो उडून हरभऱ्याच्या पाटात जाऊन पडला. जीव वाचला, पण तेव्हापासून करंट म्हटलं की भागवतच्या तळहाताला घाम सुटायचा. घरातले बल्ब आरतीच बदलायची. मोबाइल चार्जिंगला लावायचा तर तो पिन नुसती पुढं धरायचा आणि बटण ती दाबायची. गावात यावरून हसणारे होते; आरती मात्र हसायची नाही. ती म्हणायची, “साप चावलेला मानूस दोरीला भितो. त्यात काय एवढं?”

ताईंच्या वायरमननं गाडीतला बोर्ड त्याला दाखवला, तोही त्यानं चार हात लांबून पाहिला. दिवे-पंखे बॅटरीच्या बारीक करंटवर चालतात, त्यानं माणूस मरत नाही. भिंतीतल्या सॉकेटांना मात्र घरासारखा करंट, तो इन्व्हर्टरमधून येतो. भागवतच्या एवढंच ध्यानात राहिलं: दिवा गरीब, सॉकेट मारकुटं.

*

मार्गशीर्षाच्या शेवटी लातूरच्या मलप्पांनी गाडी ठरवली. मलप्पा कापडाचे व्यापारी, आता दुकान मुलावर सोडलेलं. कपाळाला भस्म, हलका आवाज. त्यांची बायको गौरम्मा कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. ऑपरेशन झालं, पण बसणं काही जमेना. पाठीला जखमा व्हायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी हवेची गादी दिली. छोटा पंप गुर्रऽ करत तिच्यात हवा भरत राहायचा, गादीच्या एकेक कप्प्यात हवा फिरायची, म्हणून पाठ टिकून होती.

गौरम्माचं माहेर नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या अलीकडं. तिथं तिचा थोरला भाऊ ईश्वरप्पा. तो म्हातारपणानं लातूरला येऊ शकत नव्हता, ती पडून असल्यामुळं जाऊ शकत नव्हती. दोघं फोनवर बोलायची, आणि दोघांनाही कमी ऐकू यायचं.

यंदा गौरम्मानं एकच धोशा लावला. येळवस अण्णाच्या शेतात करायची. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर-उदगीरकडं गावंच्या गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील पोटभर खायची. सोयरा असो, वाटसरू असो, त्या दिवशी रानातून कुणी उपाशी जायचं नाही.

“ॲम्ब्युलन्सनी जाऊ या का?” मलप्पांनी विचारलं होतं.

“ॲम्ब्युलन्समधी बसून माहेरला जाऊ?” गौरम्मा म्हणाली. “अण्णा मला बघायच्या आधीच रडाया बसंल.”

म्हणून चालतं घर. भागवतनं पलंग पाहिला, गादी पाहिली, पंपाची पिन मलप्पांकडूनच पलंगाशेजारच्या सॉकेटात लावून घेतली आणि गाडी काढली. नळेगाव, उदगीर, पुढं देगलूरचा रस्ता. खड्डा आला की तो आधीच सांगायचा, “अव्वा, आता एक उचकी येनार हाय.” गौरम्मा आडवी पडल्या पडल्या खिडकीतून ज्वारीची कणसं बघत होती. उदगीरच्या पुढं तिनं त्याला आरतीचं माहेर विचारलं, लेकरांची नावं विचारली, जीपच्या वेळच्या गोष्टी सांगायला लावल्या. भागवत खुलला. ऊस ओढताना जे राहून गेलं होतं ते सगळं बोलणं त्या एका वाटेवर झालं.

गाडी संध्याकाळी ईश्वरप्पांच्या वाड्यासमोर लागली. म्हातारा काठी टेकत पायरी चढून आत आला, बहिणीच्या पलंगाशी बसला. मग तो म्हणाला, “वाळलीस गं, गौरव्वा.”

“तू बी काय लई भरला न्हाईस, अण्णा,” ती म्हणाली.

भागवत तोंड फिरवून गाडीतनं उतरला आणि उगाच टायर बघत बसला.

*

शेतात गाडी न्यायची म्हणून भागवत सकाळीच वाट पायी तुडवून आला. दोन जागी चर होते, ते ईश्वरप्पांच्या गड्यांनी मातीनं भरून दिले. तरी बैलगाडीची वाट ती. हळूहळू, डुलत डुलत बस लिंबाच्या झाडाखाली, कोपीच्या समोर उभी राहिली. मागचं मोठं दार उघडलं की गौरम्माला पलंगावरनंच कोप दिसत होती, विहीर दिसत होती, तुरीचं रान दिसत होतं. ती बघतच राहिली. “त्या विहिरीत मी पवायला शिकले,” ती मलप्पांना म्हणाली. “अण्णानं ढकलून दिलं होतं.”

ईश्वरप्पांची सून मल्लम्मा टोपल्या उतरवत होती. तिचा मोबाइल उतरला होता, म्हणून तिनं विचारलं, “दादा, हितं चार्जिंग हाय का?” गाडीच्या डाव्या बाजूला, बाहेरून, झाकणाखाली एक सॉकेट होतं, अंगणात बसून मिक्सर-बिक्सर लावायचा तर म्हणून ताईंनी बसवलेलं. भागवतनं बोटानं दाखवलं. झाकण तिनंच उघडलं, पिन तिनंच लावली. थोडा भरल्यावर तिनं मोबाइल काढून घेतला आणि स्वयंपाकाच्या घाईत झाकण तसंच राहिलं.

पूजा झाली. ईश्वरप्पांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं, आंबिलीचं भरलेलं मातीचं मडकं नातवाच्या काखेत दिलं आणि लिंबाची डहाळी बुडवून शिंपडत शेताला फेरी घालायला निघाले. कानडी-मराठी मिसळलेला जुना पुकारा करत म्हातारा पुढं, बाकीचे मागं. तूर झाली, ज्वारी झाली, हरभरा झाला. फेरी संपवून ते कोपीपाशी आले आणि त्यांची नजर बसवर गेली.

“हिनं माझी बहीण आनली,” ते म्हणाले. “ही बी लक्ष्मीच हाय.”

आणि त्यांनी बसला फेरी घातली. टायरावर, दारावर, काचांवर, पिवळ्या पत्र्यावर डहाळीनं सढळ हातानं आंबील उडवली. ताकातली, मिठाची, घट्ट आंबील. भागवतनं हात जोडले. त्याच्या गाडीची अशी पूजा जीपच्या वेळीसुद्धा कुणी केली नव्हती.

पानं मांडली. भज्जी वाढली. गौरम्मासाठी मलप्पा वाटी घेऊन पलंगाशी गेले, आणि दारातच थबकले. “भागवत,” त्यांनी हाक मारली, “गुरगुर बंद झाली की रे.”

पंप बंद होता. गादी अजून फुगलेली होती, पण कडा मऊ पडायला लागल्या होत्या. डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता, दिवाही लागत होता. मलप्पांनी बटण खालीवर केलं, पिन काढून पुन्हा लावली. काही नाही. ओट्यापाशी चार्जर लावून पाहिला, तिथंही नाही. फ्रीजही गप्प.

“किती येळ टिकंल हवा?” भागवतनं विचारलं.

“अर्धा-पाऊन तास. मग खाली फळी टोचंल तिला.” मलप्पांचा आवाज आणखी हलका झाला. “गावात जाऊन कुनी वायरमन बघावा तर आज येळवस. सगळी रानात.”

“मग परत जाऊ,” गौरम्मा म्हणाली. “बघितलं की मी. लई बघितलं.” पण तिची नजर विहिरीवरच होती, आणि खीर अजून चुलीवरच होती.

भागवतनं मोबाइल काढला. रेंज फक्त विहिरीच्या काठावर येत होती. तिथं उभा राहून त्यानं ताईंना सगळं सांगितलं.

“पंखा चालू आहे ना? मग बॅटरी शाबूत आहे,” वर्षाराणीताई म्हणाल्या. “इन्व्हर्टर बघा आधी. पलंगाखालचा डबा. हिरवा दिवा आहे का?”

भागवत पळत गाडीत, पळत विहिरीवर. “हाय. आकडा बी दिसतोय, दोनशे तीस.”

“म्हणजे करंट तयार होतोय, पण सॉकेटांपर्यंत पोचत नाही. आता त्याच्या शेजारी झाकणाची पेटी आहे. तिच्यात एक रुंद स्विच आहे, वर टेस्ट लिहिलेलं बारीक बटण असलेला. तो पडलाय का बघा. कुठं करंट गळायला लागला, ओल आली, की तो आपोआप खाली पडतो. माणसाला झटका बसू नये म्हणून ठेवलाय तो.”

“ताई, पेटी उघडावी लागंल.”

“हो.”

“मला?”

ताई म्हणाल्या, “भागवतदादा, झाकण उघडलं तरी आत नुसते प्लॅस्टिकचे खटके आहेत. वायर कुठं उघडी नाही. हात कोरडे करा, पायात चप्पल ठेवा. नाही जमलं तर राहू द्या, मी रागावणार नाही.”

भागवत गाडीत आला. पेटीसमोर गुडघ्यावर बसला. तळहाताला घाम सुटला होता. तो पुसून घेतला तर परत सुटला. मलप्पा शेजारी वाकले. “मी करू का? पन मला मोतीबिंदू, दिसत न्हाई रे नीट.”

“न्हाई अप्पा. तुमी मागं व्हा.”

“लेकरा,” पलंगावरनं गौरम्मा म्हणाली, “भ्या वाटतंय का?”

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं होतं. “हाव, अव्वा,” तो म्हणाला. “लई.” आणि हरभऱ्याच्या पाटात कसा पडला ते त्यानं तिथंच, दोन-तीन वाक्यांत सांगून टाकलं.

गौरम्मानं हात लांब केला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. “मला ऑपरेशनला नेलं तवा मी ह्यांचा हात सोडत नव्हते. डॉक्टर म्हनला, आजी, भीत भीतच आत चला, आत आल्यावर आमी बघतो. तू बी भीत भीतच उघड.”

त्यानं उपरण्याला हात पुसले, चप्पल पायातच होती, तरी खाली लाकडी पाट घेतला, आणि पेटी उघडली. सगळे खटके वर होते. तो रुंद एकटा खाली पडलेला. भागवतनं डोळे बारीक करून अंगठ्यानं तो वर ढकलला. खट्! लगेच खाली. त्यानं हात मागं ओढला. हाताला काही झालं नव्हतं. त्यानं हात उलटसुलट करून पाहिला. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

पुन्हा विहिरीवर. ताई म्हणाल्या, “सगळ्या सॉकेटातल्या पिना काढा आणि परत वर करा. एखादी वस्तू बिघडली असेल तर आता तो टिकेल.”

चार्जर, फ्रीज, पंप, सगळं काढलं. खटका वर केला. खट्, पुन्हा खाली.

“मग वस्तू नाही, एखादं सॉकेटच,” ताई म्हणाल्या. “पेटीत दोन बारके खटके आहेत. डावा आतल्या सॉकेटांचा, उजवा बाहेरच्या. उजवा खाली करा, मग रुंद वर.”

बाहेरच्या, हा शब्द कानावर पडला आणि भागवतच्या डोळ्यांपुढं मल्लम्माचा मोबाइल आला. तो आधी गाडीच्या डाव्या बाजूला गेला. झाकण उघडं होतं, आणि सॉकेटाच्या तिन्ही भोकांतून पांढरी आंबील ओघळून पत्र्यावर वाळत चालली होती. लिंबाचं एक पान तिथं चिकटलेलं.

तो आत आला. उजवा बारका खटका खाली केला, रुंद वर ढकलला. या वेळी तो वरच राहिला. फ्रीजची पिन त्यानं स्वतः लावली आणि फ्रीज थरथरून चालू झाला. मलप्पा म्हणाले, “शिवशिव!”

पण पलंगाशेजारचं सॉकेट मेलेलंच. पंप लावला तर हूं नाही की चूं नाही. बैलगाडीच्या वाटेनं हादरे बसून आत कुठं तरी वायर सुटली असावी. भागवतच्या हातात आता जोर आला होता. एक स्क्रू काढून बघावा असं क्षणभर वाटलं. मग त्यानं ते मनातून काढलं. जे कळत नाही ते उघडायचं नाही, हे काही भित्रेपण नव्हे. ओट्याच्या सॉकेटाला लांब वायरीचा बोर्ड लावला, तो पलंगाखालून ओढून आणला आणि पंपाची पिन त्यात घातली. बटण दाबलं.

गुर्रऽऽ.

मऊ पडलेली कड हळूहळू ताठ झाली. गौरम्मा डोळे मिटून पडली होती. “ह्या आवाजाचा मला किती राग यायचा,” ती म्हणाली. “आज भजनावानी लागायलाय.”

भागवत पुन्हा बाहेर गेला, आंबिलीचं सॉकेट कोरड्या फडक्यानं वरवर टिपलं आणि झाकण घट्ट लावलं. मलप्पा त्याच्या मागोमाग आलेले. त्यांनी पान पाहिलं, ओघळ पाहिला आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

“ईश्वरप्पामामांना सांगू नगा,” भागवत हळूच म्हणाला. “वाटंनं हादरा बसला म्हनू. त्यांनी एवढ्या मायेनं…”

“हाव, हाव. हादराच तो.”

पण आत गौरम्माला सगळं ऐकू आलं होतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला नको तेवढं बरोबर ऐकू येतं. ईश्वरप्पा काय झालं म्हणून दारात आले तर तिनं सरळ सांगून टाकलं, “अण्णा, तू गाडीला आंबील पाजलीस. तिला मानवली न्हाई.” आणि ती हसायला लागली. कमर मोडल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता ठसका लागला, मलप्पांनी पाणी दिलं, ते प्यायल्यावर पुन्हा हसली.

भागवत मान खाली घालून उभा. ईश्वरप्पांनी सगळं समजून घेतलं, कुठं शिंपडलं, कुठं गळलं, काय पडलं. गंभीरपणानं मान हलवली.

“म्हंजे आंबील आतपर्यंत पोचली म्हनायची,” ते म्हणाले. “मग पूजा झाली बरोबर. चला, भज्जी निवायली.”

पंगत गाडीच्या मागच्या दाराशीच बसली, गौरम्मा दिसेल अशी. मल्लम्मानं भागवतच्या पानात उंडे वाढले, आणि तो नको नको म्हणत असताना खीरही. तो खात होता आणि अधूनमधून गुरगुर चालू आहे ना म्हणून कान देत होता. नंतर त्यानं विहिरीवर जाऊन ताईंना कळवलं. बाहेरचं सॉकेट बंदच ठेवायचं, लातूरला आल्यावर वायरमन ते बदलेल आणि पलंगाशेजारचंही उघडून बघेल, असं ठरलं. ताई शेवटी म्हणाल्या, “दादा, तुम्ही केलंत हो.” भागवत म्हणाला, “ताई, येळवशीला तुमी बी यायला पायजे होतं.”

ऊन कललं तरी गौरम्मा विहिरीकडं बघत पडली होती. भाऊ शेजारी बसून होता. दोघं लहानपणीच्या कुणाकुणाची नावं काढत होती. त्यातली निम्मी माणसं आता नव्हती, पण बोलण्यात ती सगळी तुरीच्या शेंगा सोलत बसल्यासारखी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यासमोरून निघायच्या वेळी ईश्वरप्पा काठी घेऊन गाडीत चढले. “उदगीरपर्यंत येतो,” म्हणाले. “तिथनं यष्टीनं माघारी फिरंन.” भागवतनं गाडी काढली.

उदगीरच्या स्टँडसमोर त्यानं गाडी कडेला घेतली आणि आरशातून मागं पाहिलं. म्हातारा बहिणीच्या पलंगाला टेकून कुठली तरी गोष्ट सांगत होता. मलप्पांनी आरशातूनच हातानं खूण केली, चल पुढं. भागवतनं गाडी न हलवता आधी मल्लम्माला फोन लावला.

“वहिनी, मामा उतरायलेत असं दिसत न्हाई. लातूरला चाललेत म्हना.”

“मला कालच ठाव होतं,” मल्लम्मा म्हणाली. “त्यांच्या गोळ्यांची पिशवी आन् दोन धोतरं तुमच्या ओट्याखाली ठेवलीत, तांदळाच्या डब्यामागं. रात्रीची गोळी तेवढी आठवणीनं द्या.”